पहिला रणगाडा जोडताना आणि रंगवताना पडणारे प्रश्न

प्लॅस्टिकचे रणगाडे बनवायला घेतलेले नवखे लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण कामाचाच ठेवला आहे: किट निवडणं, जोडणं, रंग, आणि मग धूळ, चिखल, गंज. सगळं आधी वाचून काढायची गरज नाही, जिथे अडाल तिथलं उत्तर बघा. पहिला प्रश्न मात्र जरूर वाचा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यातल्या एका मोजमापावर उभी आहेत.

१/३५ म्हणजे नेमकं काय? मी कोणतं स्केल घेऊ?

खऱ्या रणगाड्यावरचे ३५ सेंटिमीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर होतात. टायगर १ हा रणगाडा तोफेच्या नळीसकट साधारण साडेआठ मीटर लांब होता. तो १/३५ मध्ये २४ सेंटिमीटर भरतो, १/४८ मध्ये साडेसतरा आणि १/७२ मध्ये जेमतेम १२.

३५ हा आकडा कुठून आला असा प्रश्न पडतोच. जपानच्या टामिया कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून आकार तेवढा ठेवला, आणि नंतर मोजलं तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या साधारण ३५ व्या हिश्श्याएवढं निघालं. पुढे तोच आकडा रूढ झाला आणि आज रणगाड्यांची सर्वाधिक विविधता याच स्केलमध्ये मिळते.

सुरुवात १/३५ नं करा. जागा कमी असेल तर १/४८ उत्तम. १/७२ लहान म्हणून सोपं वाटतं, पण त्यातले पार्ट चिमट्यात धरतानाच नवख्याची दमछाक होते.

आता तो हिशेब. १/३५ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर. फट असो, रंग उडालेली जागा असो की चिखलाचा थर, तो बरोबर दिसतोय की अवाच्या सवा, हे या एका हिशेबानं ठरवता येतं.

पहिला रणगाडा कोणता निवडू?

मला विचाराल तर सोव्हिएत टी-३४/८५. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं, वर छोटे रोलर नाहीत, आणि बहुतेक गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या. शिवाय त्याचा टरेट (तोफ असलेला वरचा फिरता बुरूज) ओतीव पोलादाचा आणि मुळातच खडबडीत होता. त्यामुळे तुमच्या पुट्टीत किंवा घासण्यात थोडं कमी-जास्त झालं तरी ते खटकत नाही. अमेरिकन शेरमनही चांगला, फक्त त्याच्या चाकांच्या जोड्यांमध्ये बारीक पार्ट जास्त असतात.

बहुतेकांचं मन टायगरवर असतं. त्याची चाकं एकमेकांवर चढलेली असल्यानं रंगवायला वेळ लागतो, पण मन त्याच्यावरच असेल तर तोच घ्या. आवडीचा रणगाडा माणूस अर्धवट सोडत नाही. एवढंच बघा की तो झिमेरिटचा नसावा. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन कारखाने १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत चिलखतावर थापत असलेला खरबरीत लेप. मॉडेलवर तो उठवणं हे वेगळंच काम आहे.

किट घेताना पार्टची संख्या बघा. दोन-अडीचशेच्या आसपास असेल तर पहिल्या खेपेला झेपेल. आतलं इंजिन, दारूगोळा, आसनं असं सगळं असलेली हजारभर पार्टची किट मोहात पाडतात. ती पुढच्यासाठी ठेवा.

ट्रॅकचे प्रकार कोणते? नवख्यानं कोणते घ्यावेत?

ट्रॅक म्हणजे चाकांभोवती फिरणारा कड्यांचा पट्टा. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, मऊ व्हिनाइलचा अखंड पट्टा: दोन टोकं जोडली की झालं. दुसरा, वरचा-खालचा भाग सलग आणि वळणावरच्या कड्या सुट्या. तिसरा, प्रत्येक कडी सुटी. पहिल्या मॉडेलला पहिला किंवा दुसरा.

व्हिनाइलच्या पट्ट्याची एक अडचण आहे. तो ताठ राहतो, आणि टी-३४ किंवा टायगरचा ट्रॅक वरच्या बाजूनं चाकांवर लोंबत असे. खरा ट्रॅक जडशीळ पोलादाचा होता, ते वजन दिसलं पाहिजे. म्हणून पट्टा बसवल्यावर वरून दाबून, चाकांना टेकेल तिथे सुपरग्लूचा थेंब देऊन धरून ठेवा. शेरमनला हे करू नका. त्याचा ट्रॅक रोलरवरून बराच ताणून धावत असे.

हत्यारं कोणकोणती लागतात?

स्प्रू (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) कापायचा कटर, टोकदार ब्लेडचा हॉबी नाइफ, बारीक टोकाचा चिमटा, ४०० पासून १००० पर्यंतचे पॉलिश पेपर, कापण्यासाठी मॅट, आणि पार्ट धरून ठेवायला चिकटपट्टी. एवढ्यावर पहिलं मॉडेल आरामात होतं. पैसे एकाच गोष्टीवर जास्त घालायचे असतील तर कटरवर घाला. बोथट कटर प्लॅस्टिक कापत नाही, पिचकवतो.

पार्ट स्प्रूवरून काढताना त्याच्या कडेचा टवका उडतो. काय चुकतंय?

तुम्ही एकाच घावात पार्टला लागून कापताय. दोनदा कापा. आधी पार्टपासून दोन-तीन मिलिमीटर लांब, म्हणजे ताण सुटतो. मग कटरची सपाट बाजू पार्टकडे ठेवून उरलेला खुंट, आणि शेवटचा कण ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं. हँडल, हुक असे नाजूक पार्ट असतील तर लगेच सगळे काढून डबीत टाकू नका. लागेल तेव्हाच काढा, म्हणजे हरवतही नाहीत आणि नंबरचा घोळही होत नाही.

गोंद कोणता वापरू?

किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्यासाठीचं पातळ सिमेंट हे चिकटवणारं द्रव्य नाहीच, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. एका अर्थी ते वेल्डिंग आहे. म्हणून आधी सिमेंट फासून मग पार्ट टेकवायचे नसतात. दोन्ही पार्ट कोरडेच जुळवून धरा, ब्रशचं टोक सांध्याला नुसतं लावा, सिमेंट आपोआप फटीतून धावतं. ते धावताना बघणं हा या छंदातला मला अजूनही आवडणारा क्षण आहे.

मात्र सांध्यावर बोट असेल तर ते बोटाखालीही तितक्याच चपळाईनं शिरतं. माझ्या दुसऱ्या मॉडेलवर टरेटच्या उजव्या बाजूला अंगठ्याचा अख्खा ठसा उमटला होता, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. असं झालं तर पुसायला जाऊ नका, पुसलं की मऊ झालेलं प्लॅस्टिक फरफटतं. एक दिवस सुकू द्या, मग ६०० आणि १००० च्या पेपरनं घासा.

धातूचे किंवा रेझिनचे पार्ट सिमेंटनं चिकटत नाहीत. तिथे सुपरग्लू.

सांधे आणि शिवणी घालवणं खरंच गरजेचं आहे का? रंगाखाली झाकल्या जात नाहीत का?

नाही झाकल्या जात, उलट उठून दिसतात. हिशेब आठवा: ०.३ मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या रणगाड्यावर बोट जाईल एवढी, सेंटिमीटरभर रुंद भेग.

सगळ्यात आधी नळी बघा, कारण बघणाऱ्याची नजरही तिथेच जाते. दोन अर्ध्यांची नळी असेल तर सिमेंट जरा सढळ हातानं लावा आणि दोन्ही भाग दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी वर आला पाहिजे. तो आला म्हणजे आत फट उरली नाही. दिवसभर ठेवा. मग ४०० चा पेपर गुंडाळून नळीच्या लांबीच्या दिशेनं आणि गोल फिरवत घासा. फक्त एका जागी घासत राहिलात तर नळी चपटी होते. शेवटी डोळे मिटून नख फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसलेली शिवण नखाला अडकते.

चाकांच्या कडेवरची साच्याची रेघ ब्लेड उभं धरून खरवडली की जाते. साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे जिथे दिसणार असतील तिथेच पुट्टीनं भरा. झाकणाच्या आतली बाजू, झाकण बंदच राहणार असेल, तर सोडून द्या.

एक सावधगिरी: प्रत्येक रेघ दोष नसते. चिलखताच्या पत्र्यांचे जोड खऱ्या रणगाड्यावर वेल्डिंगनं केलेले आणि चांगलेच दिसणारे असत. ते पुट्टीनं सपाट केलेत तर खरी खूणच पुसाल. शंका आली की फोटो बघा.

सगळं जोडून मग रंगवू, की रंगवून मग जोडू?

दोन्हींच्या मधलं. धड वेगळं, टरेट वेगळा, चाकं आणि ट्रॅक वेगळे. चाकं काडीच्या टोकावर लावून फिरवत रंगवली की टायरची कड स्वच्छ येते. टायर शुद्ध काळा रंगवू नका, गडद राखाडी घ्या; रबर उन्हात आणि धुळीत कधीच काळंभोर राहत नाही. कुदळ, फावडं, तारेचा दोर ही अवजारं धडावर चिकटवूनच बारीक ब्रशनं रंगवता येतात.

प्रायमर लागतोच का?

पाण्यातल्या ॲक्रिलिकसाठी हो. ते नुसत्या प्लॅस्टिकवर नीट धरत नाही, नख लागलं तरी निघतं. त्याआधी मॉडेल साबणाच्या कोमट पाण्यानं धुवून पूर्ण वाळवा, बोटांचं तेल जातं. करड्या प्रायमरचा आणखी एक उपयोग म्हणजे राहिलेल्या फटी उघड्या पडतात. त्या तेव्हाच भरा.

एअरब्रश नसेल तर चालेल का?

चालेल. एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनसारखं हत्यार. पण एकरंगी रणगाड्याला मूळ रंगाचा स्प्रे कॅन छान काम देतो. कॅन २०-२५ सेंटिमीटर लांब धरा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा, आणि तीन-चार पातळ थर द्या. पहिल्या थरानंतर खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं तर घाबरू नका, ते दिसायलाच हवं.

ब्रशनंही होतं. रंग पातळ करा, रुंद मऊ ब्रश घ्या, एका दिशेनं फिरवा आणि सुकत आलेल्या भागावर परत जाऊ नका. रेघोट्या त्या परत जाण्यामुळेच पडतात.

एअरब्रश घ्यायचाच झाला तर ०.३ मिलिमीटरची सुई आणि हवेची टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. रंग दुधाइतका पातळ आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवून सुरुवात करा.

ॲक्रिलिक, लॅकर, एनॅमल, ऑइल… कशावर काय चालतं?

व्हायेहो कंपनीच्या रंगांसारखे ॲक्रिलिक पाण्यात पातळ होतात आणि ब्रशला चांगले. टामियाच्या बाटलीतले ॲक्रिलिक अल्कोहोलवर आधारलेले, फवारायला सुरेख, पण ब्रशनं लावताना खालचा थर उचलतात. लॅकर सगळ्यात टिकाऊ, आणि वासही सगळ्यात उग्र. एनॅमल आणि ऑइल सावकाश सुकतात, म्हणून वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि डागांसाठी उत्तम.

साधा नियम: खाली ॲक्रिलिक किंवा लॅकर, वर एनॅमल किंवा ऑइल. मग वॉश चुकला तर व्हाइट स्पिरिटमध्ये (एनॅमल आणि ऑइल पातळ करणारं द्रव्य) बुडवलेल्या ब्रशनं तो पुसता येतो आणि खालचा रंग जागचा हलत नाही. मूळ रंगच एनॅमलचा असेल तर तोही वॉशबरोबर निघून येतो.

रंगाची छटा अगदी अचूक हवी का?

त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे राखाडीऐवजी गडद पिवळ्या रंगात कारखान्याबाहेर पडू लागले. त्यावरचा हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग तुकड्यांना घट्ट लुकणासारखा मिळत असे आणि तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात, जे हाताशी असेल त्यात, पातळ करून मारला जात असे. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या एकसारख्या दिसत नसत, मग बाटलीवरच्या नंबरावरून वाद कशाला?

उलट थोडा फिका रंगच बरोबर दिसतो. खरा रणगाडा आपण दहा-वीस मीटरवरून पाहतो, मधल्या हवेमुळे रंग उजळ भासतो. मॉडेल हातभर अंतरावर असतं. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळट रंग मिसळतात.

संग्रहालयातल्या गाड्या आकारासाठी प्रमाण माना, रंगासाठी नाही. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला ‘टायगर १३१’ इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे. बोल्ट, हुक, झाकणं बघायला त्याचे फोटो अनमोल आहेत. पण संग्रहालयातल्या गाड्यांवर नंतर पुन्हा रंग चढलेला असतो.

डिकॅलभोवती चंदेरी कड दिसते. का?

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची चिन्हांची आणि नंबरांची पातळ चित्रं. कड दिसते ती त्यांच्याखाली अडकलेल्या हवेमुळे. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डिकॅल त्याच्या टोकांवर तरंगतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डिकॅल, वर सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारं द्रव्य). सॉफ्टनर लावल्यावर डिकॅल आक्रसतो, सुरकुततो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हात लावू नका. अर्ध्या तासात तो स्वतःच सपाट होऊन पृष्ठभागाला बिलगतो.

वॉश आणि ड्रायब्रशिंग यात फरक काय? आधी कोणतं?

वॉश म्हणजे पातळ गडद रंग. तो खाचांमध्ये उतरतो आणि सावली दाखवतो. ड्रायब्रशिंग म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांना फिका रंग घासणं, तो उजेड दाखवतो. आधी वॉश.

वॉश साऱ्या अंगाला फासू नका, त्यानं मॉडेल नुसतं मळकट होतं. चकचकीत वार्निशवर बारीक ब्रशचं टोक एका बोल्टच्या मुळाशी टेकवा. रंग बोल्टभोवती आपणहून फिरतो आणि गोल पूर्ण करतो. झाकणाच्या फटीत टेकवा, रेघ दूरपर्यंत पळते. काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले डाग ओलसर ब्रशनं वरून खाली ओढा, म्हणजे पावसाच्या ओघळांसारखे दिसतात.

रंग उडालेला, गंज, चिखल हे किती दाखवू?

मनात येईल त्याच्या निम्मं. बहुतेक पहिली मॉडेलं इथेच बिघडतात: आठवडाभर मन लावून जोडलेला, स्वच्छ रंगवलेला रणगाडा शेवटच्या संध्याकाळी गंजाखाली गाडला जातो. पुन्हा तोच हिशेब. स्पंजनं उमटवलेला ३ मिलिमीटरचा टवका खऱ्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो. एवढा रंग विनाकारण उडत नाही.

प्रत्येक खुणेला कारण शोधा. चालक दल कुठे पाय ठेवून चढत असेल? कुठलं झाकण रोज उघडत असेल? तिथे रंग झिजेल. टरेटच्या उभ्या बाजूवर, जिथे कोणाचा हात-पाय पोचत नाही, तिथे झिजायचं कारण काय? युद्धातले रणगाडे अनेकदा काही महिन्यांतच नष्ट होत, जाड चिलखताला गंजून पोखरायला वेळच मिळत नसे. दाट गंज शोभतो तो एक्झॉस्टवर, कारण तिथे उष्णतेनं रंग जळतो.

ट्रॅकबाबत एक चूक सर्रास होते. पोलादी ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग घासून चकाकतो, तिथे चंदेरी ड्रायब्रशिंग योग्य. पण शेरमनच्या बऱ्याच ट्रॅकवर रबराचे ठोकळे होते. रबर चकाकत नाही. तिथे धातू दाखवायचा तो फक्त ठोकळे जोडणाऱ्या कड्यांवर.

चिखल खालून वर विरळ होत गेला पाहिजे आणि एकाच छटेचा नसावा. आधी फिकी सुकी धूळ, मग थोड्याच जागी गडद ओला चिखल.

वॉशनंतर चाकांचे दांडे तडकले. असं कशानं होतं?

व्हाइट स्पिरिट रंग न लागलेल्या आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये झिरपून ते ठिसूळ करतं. दांड्यांवर नेमकं असंच होतं: रंग पोचलेला नसतो आणि चाक घट्ट बसवल्यानं ताण असतो. खालच्या भागालाही रंग आणि वार्निश द्या, आणि तिथे वॉश साचू देऊ नका.

मॅट वार्निश मारल्यावर मॉडेल पांढुरकं पडलं. आता?

हवेत दमटपणा होता, किंवा बाटली नीट हलवली नव्हती. पावसाळी दिवसात माझं एक मॉडेल असंच धुक्यात गेल्यासारखं झालं होतं. पूर्ण सुकल्यावर कोरड्या दिवशी त्यावर चकचकीत वार्निशचा पातळ थर दिला, तेव्हा बराचसा पांढुरकेपणा निघून गेला. मग पुन्हा मॅट. तेव्हापासून ढगाळ दिवशी मी वार्निशला हात लावत नाही.

तब्येतीची काय काळजी घ्यावी?

फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर रासायनिक वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. रेझिन नेहमी ओलं करून घासा, त्याची धूळ फुप्फुसात जायला नको. ब्लेड अंगापासून दूर चालवा, आणि ते घरंगळून टेबलावरून पडलं तर झेलायला जाऊ नका. लहान मुलं घरात असतील तर सिमेंट आणि ब्लेड कुलपात.

तयार झालेल्या मॉडेलवर धूळ बसते, ती कशी काढू?

मऊ, रुंद मेकअप ब्रशनं, वरून खाली, अगदी हलक्या हातानं. फडकं वापरू नका, हँडल आणि अँटेना त्याच्यात अडकून मोडतात. पारदर्शक पेटीत ठेवलंत तर हे कामही उरत नाही. मॉडेल उचलताना टरेट धरू नका, तो बहुधा नुसता खोबणीत बसवलेला असतो आणि धड खाली राहतं. दोन्ही हातांनी खालून, चाकांच्या मधून धरा.